शालनची मच्छरदाणी

“ती शालनची हाय,” आई म्हणाली.

मी परसात मांडी घालून बसलो होतो, हातात कात्री होती आणि मांडीवर निळ्या काठाची पांढरी मच्छरदाणी पसरली होती. आई मागच्या ओट्यावर तिच्या वेताच्या खुर्चीत होती. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिचा सगळा दिवस त्या खुर्चीतच जायचा, आणि माझ्या प्रत्येक कामावर तिथून तिची नजर असायची.

“सहा वर्षं ट्रंकेत पडून आहे,” मी म्हणालो. “कोण वापरतंय?”

“तिची हाय, येवढंच म्हनले.”

मी कात्री चालवली.

ही एकोणनव्वद सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. कोरेगावात आमचं लहानसं घर होतं आणि घरामागं दोन गुंठ्यांचं परसू. मी हायस्कूलात विज्ञान शिकवायचो. वय चौतीस, लग्न झालेलं नव्हतं. शालनमुळं स्थळं येत नाहीत असं मी लोकांना सांगायचो. खरं कारण माझा स्वभाव होता, हे आई लोकांना सांगायची.

शालन माझी धाकटी बहीण. वडील गेले तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो आणि ती नऊ. तिला मी बापासारखं वाढवलं असं म्हणायचा मला हक्क आहे, कारण तिची फी, तिची पुस्तकं, तिचा डबा, सगळं मी पाहिलं. ती कॉलेजला साताऱ्याला जायला लागली तेव्हा रोज सकाळी एसटी स्टँडवर सोडायला मी आणि संध्याकाळी आणायलाही मीच. तीन वर्षांत एक दिवस खाडा नाही. एवढ्या बंदोबस्तात तिची गाठ पडली ती त्या स्टँडवरच्याच एका माणसाशी. एसटीत मेकॅनिक होता. गौतम नाव. आमच्या जातीचा नव्हता, आणि ज्या जातीचा होता ती आमच्या मूळ गावात वेशीबाहेर राहायची. दोघं रीतसर मला सांगायला आले होते. मी त्याला ओट्यावरच बसवलं, आत घेतलं नाही, साधं पाणीसुद्धा विचारलं नाही. शालनला म्हणालो, जायचं तर जा, पण मग हे दार तुला नाही.

ती गेली. त्यानंतर तिचं नाव घरात घ्यायचं नाही असा मी नियम केला. आई तो पाळायची नाही. ती नाव घ्यायची आणि मी उत्तर द्यायचो नाही, असे आमचे दिवस चालले होते.

तर मच्छरदाणी. आदल्या वर्षी मी परसात कोबी आणि नवलकोल लावला होता आणि पांढऱ्या फुलपाखरांनी त्याचं वाटोळं केलं होतं. फुलपाखरू दिसायला गरीब. पानाखाली पिवळी अंडी घालून निघून जातं, आणि मग हिरव्या अळ्या पानाच्या नुसत्या शिरा शिल्लक ठेवतात. औषध मारायला आईची सक्त मनाई होती. “पोटात जायाचं ते इषारी करून काय खायाचं?” म्हणून मी यंदा शास्त्रीय उपाय काढला होता. वाफ्यावर बांबूच्या कामट्यांच्या कमानी रोवायच्या, वरून मच्छरदाणी ताणायची, कडा मातीत गाडायच्या. फुलपाखरू आतच गेलं नाही तर अंडी घालणार कुठं?

त्याच वाफ्याच्या कडेला आईचे मुळे होते.

या मुळ्यांविषयी सांगायला हवं. ते बी आईच्या माहेरचं. बाजारातल्या मुळ्याच्या डिंगऱ्या, म्हणजे फुलं झडल्यावर धरणाऱ्या शेंगा, बोटाएवढ्या आणि तिखटजाळ. आईच्या मुळ्याला वीतभर डिंगऱ्या यायच्या, कोवळ्या, खाताना कडकन मोडणाऱ्या. दहा-बारा मुळे ती न उपटता राखायची. निम्म्या डिंगऱ्या भाजीला, निम्म्या वाळवून बियाला. तिचं माहेर संपलं होतं. भाऊ वारला, जमीन कारखान्यानं घेतली, घराच्या जागी गोडाऊन झालं. माहेर म्हणून तिच्याकडं उरलं होतं ते हे मूठभर बी, आणि असं ती स्वतःच बोलून दाखवायची.

“मुळं बी झाकतूयास?” तिनं विचारलं.

“एकच वाफा आहे. सगळंच झाकायचं.”

“बरं,” ती म्हणाली.

पहिला डाव माझ्यावरच उलटला. मच्छरदाणी ताणून मी आठ दिवस छाती पुढं काढून फिरलो, आणि नवव्या दिवशी बघतो तर आतल्या पानांची चाळण. अंडी आधीच घातलेली होती, मी ती पाहिलीच नव्हती. अळ्या आत निवांत चरत होत्या आणि एरवी त्यांना टिपणारे बुलबुल जाळीवर बसून आत बघत होते.

आई खुर्चीत पदर तोंडाला लावून हसली. “चोर आत घिऊन कडी लावलीस की रं, मास्तर!”

मी चिडलो, पण हार मानणारा नव्हतो. एक अख्खा रविवार प्रत्येक पान उलटं करून मी अंडी चिरडली, अळ्या वेचल्या. जाळी पुन्हा ताणली, कडांवर विटा रचल्या, जोड दाभणानं शिवून काढले. त्यानंतर मात्र एक फुलपाखरू आत गेलं नाही. सकाळी ती यायची, जाळीवर बसायची, चालायची, फट शोधायची आणि निघून जायची. मी चहाचा कप घेऊन बघत राहायचो. एवढं समाधान मला दहावीच्या निकालानंही कधी दिलं नव्हतं.

संक्रांतीपर्यंत कोबीचे गड्डे असे आले की स्टाफरूममध्ये मी प्रत्येकाला एक-एक दिला. हेडमास्तर घरी येऊन वाफा बघून गेले. मी त्यांना अर्धा तास माहिती दिली. आईनं मधे दोनदा जांभई दिली.

मुळ्यांना दांडे फुटले आणि ते जाळीला टेकायला लागले. मी नव्या लांब कामट्या आणून कमानी उंच केल्या, जाळीला वरून आणखी एक तुकडा जोडला. दोन दिवस लागले. आई बघत होती.

“फुलं आली का रं?”

“भरगच्च. पांढरी, जांभळट. बघ की.”

“दिसत्यात. लई माश्या घोंगावत्यात जाळीवर.”

“मधमाश्या आहेत. घोंगावू देत, आत एक जात नाही.”

आईनं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. मग चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

“काम पक्कं केलंस,” ती म्हणाली.

फेब्रुवारीच्या शेवटाला मी सातवीच्या वर्गावर होतो. फळ्यावर फुलाची आकृती काढली होती आणि खाली नेहमीचं वाक्य लिहीत होतो. अकरा वर्षं तेच वाक्य लिहीत आलो होतो: ‘मधमाश्या व इतर कीटक एका फुलावरील पराग दुसऱ्या फुलावर नेतात, त्याशिवाय’. ‘त्याशिवाय’पाशी माझा खडू थांबला. वर्ग वाट बघत होता. मी खडू ठेवला, मॉनिटरला लक्ष द्यायला सांगितलं आणि सायकल काढून घरी गेलो.

विटा बाजूला केल्या, जाळी वर केली. दांड्यांवर फुलं वाळून गेली होती. शेंडे तेवढे फुललेले होते. खाली जिथं डिंगऱ्या लोंबायला हव्या होत्या तिथं नुसते दोरे होते. बाराही झाडं मी वरून खालपर्यंत तपासली. एक शेंग नाही.

“आई, डिंगऱ्या धरल्या नाहीत.”

“एक बी?”

“एकही नाही. माझी चूक झाली. मधमाश्या आत गेल्या नाहीत तर शेंग धरत नाही, हे मी पोरांना शिकवतो आणि घरी…”

आईनं खुर्चीचा हात धरून वाफ्याकडं वाकून पाहिलं.

“डब्यात मागचं बी असेल ना?”

“सगळं पेरलं औंदा. मागं ठिवलं न्हाई.”

“मी साताऱ्याहून आणतो. चांगल्या दुकानातून.”

“दुकानातलं माझ्या आईनं दिल्यालं हाय व्हय?”

मी ओट्याच्या पायरीवर बसलो. माझ्या आयुष्यात मी आईची माफी मागितल्याचं मला आठवत नव्हतं. त्या दुपारी मागितली. तिनं हात हलवला, राहू दे म्हणून.

“एका ठिकानी हाय ते बी,” ती म्हणाली. “पर तुला जमायचं न्हाई.”

“कुठं?”

“शालनकडं.”

मग तिनं सांगितलं. शालन निघाली त्या दिवशी आई ओट्यावर सुपात मुळ्याचं बी पाखडत होती. मी दार लावून आत बसलो तेव्हा ती तशीच मूठ भरून मागच्या दारानं स्टँडवर धावली होती. लेक सासरी निघाली तर तिची ओटी भरायला हवी. तांदूळ नव्हते, नारळ आणायला वेळ नव्हता. गाडी सुटायच्या आधी खिडकीतून तिनं शालनच्या पदरात ते बी घातलं आणि कपाळाला हळदकुंकवाच्या ऐवजी नुसतं बोट लावलं.

“तिनं लावलं आसंल,” आई म्हणाली. “फलटणला असत्यात म्हनं. स्टँडच्या मागं. तू नगंस जाऊ. गेलं तर गेलं बी.”

त्या दिवसापासून आईनं खुर्चीची दिशा बदलून घेतली. तोंड वाफ्याकडं होतं ते भिंतीकडं केलं. रागावली नाही, टोमणा मारला नाही, आणि मला आठ दिवस जेवण गेलं नाही. नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, मी फलटणच्या गाडीत बसलो. गाडीत मी स्वतःला बजावत होतो की बी मागायचं, घ्यायचं आणि अकराच्या गाडीनं परत यायचं. कामाला जातोय, भेटायला नाही.

घर सापडायला वेळ लागला नाही. पत्र्याच्या छपराचं, पण सारवलेलं, नीटनेटकं. अंगणात मुळ्याची सात-आठ झाडं उभी होती, कमरेएवढी. पानांना भोकंच भोकं, वर चार-दोन पांढरी फुलपाखरं, आणि दांड्यांवर वीतभर डिंगऱ्या अशा लगडलेल्या की दांडे वाकले होते. चारेक वर्षांची एक मुलगी झाडाखाली बसून एक डिंगरी कचाकचा खात होती. तिनं मला पाहिलं आणि आत ओरडली, “आई, कोन तरी मानूस आलाय!”

शालन बाहेर आली. हाताला पीठ होतं. ती उंबऱ्यातच थांबली आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

“आई?” तिनं विचारलं.

“आई बरी आहे,” मी घाईनं म्हणालो. “ठणठणीत आहे. मी… मुळ्याचं बी हवं होतं.”

ती उंबऱ्यातून बाजूला झाली. मग ती म्हणाली, “ये. बस.”

आत एक लोखंडी खुर्ची होती, तीवर बसलो. तिनं पाणी दिलं. मी ते प्यायलो. काय बोलावं सुचेना म्हणून मी मास्तर करतात तसं केलं, सुरुवातीपासून सगळं सांगितलं. कोबी, फुलपाखरं, मच्छरदाणी. अळ्या आत राहिल्या इथवर आलो तेव्हा ती ओठ दाबत होती. उंच कमानी केल्या इथं आलो तेव्हा ती हसायलाच लागली.

“फुलांवर जाळी घातलीस, दादा? विज्ञान शिकवतोस ना तू?”

“शिकवतो.”

“आणि आई कुठं होती तेव्हा?”

“ओट्यावर. खुर्चीत.”

“रोज?”

“रोज.”

शालनचं हसू थांबलं.

“आई बघत होती,” ती सावकाश म्हणाली, “आणि काही बोलली नाही?”

“काम पक्कं केलंस, म्हणाली.”

“आणि घरात बी अजिबात नाही, म्हणाली?”

“यंदा सगळं पेरलं, मागं ठेवलं नाही.”

“दादा,” शालन म्हणाली, “आई कधी सगळं बी पेरते का रे? लहानपणापासून बघतोयस. निम्मं राखेत घालून ठेवल्याशिवाय ती एक दाणा जमिनीत टाकत नाही. पाऊस दगा देतो, किडा दगा देतो, म्हणते. चार वर्षांचं बी असतं तिच्याकडं.”

खरं होतं. स्वयंपाकघरातल्या उतरंडीचं तिसरं गाडगं. लहानपणी त्याला हात लावला म्हणून मी मार खाल्ला होता.

शालन खाली बसली आणि पिठाच्या हातांनी तोंड झाकून रडायला लागली. मुलगी आत आली, आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि अर्धी खाल्लेली डिंगरी माझ्यापुढं धरली. मी ती घेतली. अजूनही मला त्या डिंगरीची चव आठवते.

म्हणजे बी घरी होतं. मला इथं यायचं कारणच नव्हतं. अकराच्या गाडीला वेळ होता. उठलो असतो तर कुणी अडवलं नसतं, आणि मी उठलो नाही. एवढं एकच काम त्या सहा वर्षांत मी बरं केलं.

“मी देते बी,” शालन डोळे पुसत म्हणाली. “पण तुझ्या हातात देणार नाही. मी घेऊन येईन.”

“ये.”

“एकटी येणार नाही.”

“दोघी मायलेकी या.”

“दोघी मायलेकी?” तिनं विचारलं आणि माझ्याकडं बघत राहिली.

तेवढ्यात तो आला. रात्रपाळी करून आला होता, हाताला ग्रीसचा वास होता. मला बघून दारातच थांबला. सहा वर्षांत कानशिलावर केस पिकले होते. शालननं सांगितलं, “दादा मुळ्याचं बी न्यायला आलाय.”

“मुळ्याचं बी?” तो म्हणाला. माझ्याकडं बघून मान हलवली. “फलटणला बरंच स्वस्त मिळतं म्हणा.”

मी उभा राहिलो. या माणसाचं नाव मी एकदाही तोंडानं घेतलं नव्हतं. ‘तो’ म्हणायचो, किंवा त्याहून वाईट. पोरांपुढं पन्नास मिनिटं न थांबता बोलणारा मी, चार शब्दांसाठी घाम पुसत होतो.

“गौतमराव,” मी म्हणालो, “पुढच्या रविवारी तुम्ही सगळ्यांनी घरी जेवायला यायचं. मी बोलवायला आलोय.”

त्यानं हाताचं ग्रीस फडक्याला पुसलं. पत्र्यावर कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज ऐकू येत होता.

“येईन,” तो म्हणाला. “पण मास्तर, मी ओट्यावर बसणार नाही.”

“नाही,” मी म्हणालो. “आत बसायचं. माझ्या शेजारी.”

माझी अकराची गाडी चुकली. मी तीनच्या गाडीनं परत आलो.

पुढच्या रविवारी ते आले. गौतमरावांना मी हाताला धरून आत नेलं. धरायची गरज नव्हती, दार समोरच होतं, पण मला धरायचं होतं. शालननं पदराची गाठ सोडून बी आईच्या ओंजळीत ओतलं. आईनं ते चष्म्यापुढं धरून एकेक दाणा असा निरखून पाहिला की जणू बियासाठीच सगळा खटाटोप होता. मग ती भिंतीचा आधार घेत उठली, पाट मांडला आणि शालनला त्यावर बसवलं.

“हणमंता, नारळ आन.”

मी कोपऱ्यावरच्या दुकानात धावत गेलो. एक पुरला असता. मी तीन आणले. आईनं शालनची ओटी भरली, तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ, सगळं. कुंकू लावताना थोडं नाकावर सांडलं. मग आमच्या घरात सहा वर्षांत झालं नाही एवढं रडणं झालं, त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. गौतमराव उठून परसात गेले, वाफ्यापाशी उभे राहिले. जेवताना म्हणाले, “जोड मात्र छान शिवलेत तुम्ही.” कोबीची भाजी त्यांनी दोनदा मागून घेतली.

पाचच्या गाडीनं ते गेले. मी परसात आलो आणि विटा काढून जाळी सोडवायला लागलो. आईनं खुर्ची पुन्हा वाफ्याकडं करून घेतली होती. मुळ्यांच्या शेंड्यांवर थोडी फुलं अजून होती.

“आई, तिसऱ्या गाडग्यात बी आहे ना?”

“हाय.”

“मग सगळं पेरलं म्हणालीस ते?”

“खोटं बोलले.”

“आणि मी मुळे झाकत होतो तेव्हा तुला ठाऊक होतं, एक शेंग धरणार नाही म्हणून.”

“मास्तर तू हायस का मी?”

“तरी सांगायचं होतंस एकदा.”

“सा वर्सं सांगतच व्हते की रं,” आई म्हणाली. “तू ऐकलंस?”

जाळीची एक कड सुटली आणि वाऱ्यानं माझ्या तोंडावर आली.

“खोटं बोललं तर शाळेत मी शिक्षा करतो,” मी म्हणालो.

“मग कर नापास,” ती म्हणाली. “आन ती मच्छरदानी धुऊन ठिव. शालनची हाय.”

तिचे चार तुकडे झाले होते आणि जागोजागी दाभणाची भोकं होती. मी नळाखाली ती तीनदा धुतली, दोरीवर वाळत घातली आणि वाळल्यावर घडी करून ट्रंकेत ठेवली.